टोरेंटचा वेग नेमका कुठे अडतो

मागच्या महिन्यात लिनक्स या संगणक प्रणालीची साधारण पाच जीबीची फाइल टोरेंटने, म्हणजे ती आधीच जवळ असलेल्या अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने, उतरवायला लावली. रात्रीचे नऊ वाजले होते, सीडर, म्हणजे पूर्ण फाइल वाटणारे, शेकड्यांनी होते, तरीही 100 एमबीपीएसच्या जोडणीवर आकडा सेकंदाला 600 केबीच्या वर सरकेना. टोरेंट थांबवून वेगाची चाचणी घेतली, तर तिथे मात्र 94 एमबीपीएस झळकले. एमबीपीएस हे बिट आणि डाउनलोडचा आकडा बाइटमध्ये, त्यामुळे आठाने भागायला हवे, हा हिशेब मी विसरलो नव्हतो. तसे भागले तरी सेकंदाला साडेबारा एमबी येतात आणि मला मिळत होता त्याचा विसावा हिस्सा.

इंटरनेट कंपनीला शिव्या घालण्याआधी घरातले तपासावे म्हणून सेटिंग उघडले, तर अर्धा दोष माझाच निघाला. माझ्या जोडणीचा अपलोड केवळ 10 एमबीपीएसचा आहे आणि टोरेंटमध्ये (ते उतरवतानाच इतरांना वाटतही असते) अपलोडची मर्यादा मी मोकळीच सोडली होती. डाउनलोड होणाऱ्या माहितीची पोच सतत उलट दिशेने पाठवावी लागते. अपलोडचा रस्ता तुंबला की त्या पोचपावत्या राऊटरच्या रांगेत अडकतात आणि समोरचा संगणक पुढचा माल पाठवायचा थांबतो. टोरेंट चालू असताना पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) 18 मिलिसेकंदांवरून 900 वर गेलेला दिसला. अपलोड सेकंदाला 800 केबीवर बांधल्याबरोबर पिंग जागेवर आला आणि डाउनलोड 2 एमबीवर पोचला.

उरलेल्या अर्ध्याचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. त्याच वेळी, तीच फाइल, फक्त व्हीपीएन (वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) लावून उतरवली, तर वेग सेकंदाला 9 एमबी. पहाटे पाच वाजता व्हीपीएनशिवायही तेवढाच. व्हीपीएनमुळे माहितीचा मार्गही बदलतो, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणता येणार नाही, पण रात्री गर्दीच्या वेळी टोरेंट ओळखून त्याला मागे ठेवले जाते, हा संशय मात्र दाट झाला.

कंपन्यांची अडचण खोटी नाही, हे आधी मान्य करतो. सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरणार नाहीत, या गृहीतावरच घरगुती ब्रॉडबँड उभे आहे आणि एकच वाहिनी अनेक घरांत वाटलेली असते. त्यात गर्दीच्या वेळी टीसीपीची, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीची, वाटणी ढोबळमानाने माणसागणिक न होता दोन संगणकांमधल्या जोडणीगणिक होते. शेजारचा एका जोडणीवर काहीतरी उतरवत असेल आणि माझ्या टोरेंटने चाळीस जोडण्या उघडल्या असतील, तर मी एकटाच चाळीस जणांचे ताट घेऊन बसलेलो असतो.

प्रश्न आहे तो कंपनी हे कसे हाताळते याचा. सुरुवातीला टोरेंट ठरावीक पोर्टवरून (संगणकाच्या क्रमांकित दारांवरून) ओळखले जाई, बहुधा 6881 ते 6889. लोकांनी पोर्ट बदलले, तेव्हा कंपन्यांनी पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) उघडून आत पाहायला सुरुवात केली. टोरेंटची पहिली ओळख फारच सोपी आहे: आधी 19 हा आकडा आणि त्यामागोमाग ‘बिटटोरेंट प्रोटोकॉल’ हे इंग्रजीतले नेमके 19 अक्षरांचे शब्द (मधली मोकळी जागा धरून). मग ही ओळखही कूटबद्ध झाली आणि वाहतुकीच्या नुसत्या चालीवरून अंदाज बांधण्याची यंत्रे आली.

याचा सर्वांत गाजलेला प्रकार अमेरिकेतल्या कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीचा. 2007 मध्ये तिचे ग्राहक रॉब टोपोल्स्की यांना दिसले की त्यांची अपलोड मधेच तुटतात. ते जुनी, स्वामित्वहक्क संपलेली गाणी वाटत होते. कंपनी दोन्ही टोकांना बनावट ‘रीसेट’ पॅकेट पाठवत होती, म्हणजे प्रत्येक टोकाला वाटावे की समोरच्यानेच फोन ठेवला. त्याच ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची फाइल वापरून हीच गोष्ट पडताळली. ऑगस्ट 2008 मध्ये नियामक एफसीसीने कंपनीविरुद्ध आदेश दिला, तो एप्रिल 2010 मध्ये न्यायालयाने रद्द केला. मात्र कंपनीचे वागणे योग्य होते म्हणून नव्हे, तर एफसीसीला तो अधिकारच सिद्ध करता आला नाही म्हणून.

तोवर कॉमकास्टने पद्धत बदललेली होती आणि मला तीच पटते. वाहिनी तुंबायला आली, तरच आपल्या वेगाच्या 70 टक्क्यांहून अधिक सलग 15 मिनिटे वापरणाऱ्याचा अग्रक्रम काही काळ खाली जाई; तो टोरेंट उतरवतो की चित्रपट पाहतो, याच्याशी कंपनीला देणेघेणे नव्हते. विशेष म्हणजे ही पद्धत आरएफसी 6057 या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात आकड्यांसह जाहीर लिहिलेली आहे. टोरेंटवाल्यांनीही हट्ट सोडला: रांगेतला उशीर 100 मिलिसेकंदांकडे जाऊ लागला की स्वतःहून वेग उतरवणारी यूटीपी ही पद्धत आज बहुतेक टोरेंट प्रोग्राममध्ये असते.

माझ्या कंपनीला मी लेखी विचारले की रात्री टोरेंटचा वेग मुद्दाम कमी केला जातो का, आणि जात असल्यास किती वाजल्यापासून. उत्तर आले, राऊटर बंद करून दहा मिनिटांनी चालू करावा. करारपत्र शोधून काढले, तर चौदाव्या पानावर ‘आवश्यकतेनुसार नेटवर्कचे व्यवस्थापन केले जाईल’ एवढे एकच वाक्य सापडले. ना वेळ, ना मर्यादा, ना टोरेंटचे नाव. तोच प्रश्न त्या पानाचा फोटो जोडून मी पुन्हा पाठवला आहे.