ग्रिप: समुद्रातलं रिकामं गाव

ख्रिस्तियानसुंदच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. ग्रिप इथून चौदा-एक किलोमीटर, नॉर्वेच्या पश्चिमेला, थेट उघड्या समुद्रात. बराच वेळ नुसतं पाणी. मग खडकांच्या मधोमध एकमेकांना बिलगून बसलेली लाल-पिवळी-पांढरी लाकडी घरं दिसली आणि मी उभीच राहिले. इतक्याशा जागेत माणसं राहायची?

राहायची, शेकडो वर्षं, मासेमारीच्या जोरावर. हिवाळ्याच्या अखेरीस कॉडचे थवे अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात. त्या हंगामात बाहेरचे कोळीही इथे उतरत आणि बेट माणसांनी भरून जाई. प्यायला पावसाचं साठवलेलं पाणी. शेतीला जमीन नाहीच.

1897 साली ग्रिपची स्वतंत्र कोम्यूने झाली. कोम्यूने म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी, पण जास्त अधिकार असलेली स्थानिक सत्ता. जेमतेम दोनशे माणसांचा कारभार, देशातली सर्वांत लहान कोम्यूने! एवढ्याशा गावाने 67 वर्षं स्वतःचा कारभार स्वतः पाहिला, याचं मला फार अप्रूप वाटलं. 1964 मध्ये ती ख्रिस्तियानसुंदमध्ये विलीन झाली, तेव्हा शंभरच्या आसपास लोक उरले होते. पुढच्या दहा वर्षांत तेही मुख्य भूमीवर गेले. आता घरं उघडतात ती उन्हाळ्यात.

बेटाच्या सर्वांत उंच जागी चर्च आहे. उंच म्हणजे चार पावलं चढलं की आलं. 1470 च्या सुमाराचं, लाकडी खांबांवर उभं, बाहेरून एखाद्या साध्या घरासारखं. 1796 च्या वादळात समुद्राने गावातली बहुतेक घरं ओढून नेली, हे उरलं. आत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची वेदीमागची कोरीव चौकट आहे: मध्ये मेरी, बाजूला संत ओलाव आणि संत मार्गारेट. दार लोटलं की लाटांचा आवाज एकदम मागे पडतो. मी तिथे बाकावर किती वेळ बसले, कळलं नाही.

बाहेर आले तर एक आजी खिडकीची चौकट रंगवत होत्या. घर आईवडलांचं, त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं; शाळा इथेच झाली. शाळेची इमारत कुठली, विचारल्यावर त्यांनी ब्रशनेच दाखवली. बोटीचा भोंगा वाजला, तरी त्या चौकटीचा खालचा कोपरा नीट भरत होत्या. तिथे खारं पाणी आधी लागतं.