तुम्ही विचारलंत म्हणून: मुंगीला एक्स-रे कशाला?

गणपतीला देवगडला गेले की शेजारच्या आबांचा प्रश्न ठरलेला. "काय गो, मुंगी बघूक एक्स-रे कशाक? हंय अंगणात बघ मगे, रांग लागली हा." पडवीतले सगळे हसतात, मीही हसते. यंदा लिहूनच देते.

मी बघते ते अंबरात अडकलेले जुने किडे; अंबर म्हणजे झाडाची राळ, कोट्यवधी वर्षांत दगडासारखी झालेली. भिंग पुरलं असतं तर भिंगच वापरलं असतं, आबा. अंबर म्हणजे दुकानातला मधासारखा आरपार दिसणारा मणी, हे डोक्यातून काढा. कित्येक खडे जांभ्याच्या चिऱ्यासारखे असतात, आतलं काही दिसत नाही. फ्रान्समधल्या शारांतचे असे 640 तुकडे ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर एक्स-रे देणाऱ्या अवाढव्य यंत्रावर, तपासले, तेव्हा त्यांत 356 जीव निघाले. 2008 सालची गोष्ट.

दवाखान्यातला एक्स-रेही करून पाहिलाय, तालुक्याला, ओळखीनं. फिल्मवर करडा डाग आला. हाड आणि मांस यांच्यात किरण शोषण्याचा मोठा फरक असतो. राळ आणि किडा दोन्ही मुळात कार्बनचे, तिथे तो फरक जवळजवळ नसतोच. म्हणून दोघांच्या सीमेवरून जाताना किरणांच्या लाटा किती पुढेमागे होतात, ते टिपावं लागतं. खडा फिरवत शेकडो-हजारो प्रतिमा घ्यायच्या, आणि त्यांतून संगणक आतले काप रचतो.

हे सगळं खरं. पण मी एक्स-रेकडे वळले ती यामुळे नाही.

सुरतेजवळच्या तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणीतला एक खडा सरांनी मला दिला होता. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीची, सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची राळ. राळ आबांच्या ओळखीची, होडीच्या फटी त्यांनी तिनंच बुजवल्या. खडा चिंचोक्याएवढा, गढूळ, पण एका कडेला पंखाचं टोक दिसत होतं. चतुर्थीला तो मी घरी आणला. आणायला नको होता. पॉलिश पेपरनं, पाण्यात बुडवून, दोन दिवस घासला. पंखाची एक शीर दिसू लागली आणि मला धीर धरवेना. पडवीत होडीच्या रंगाचं थिनर होतं. त्यात कापूस भिजवून खड्यावर ठेवला आणि आत मोदक वळायला गेले. आईनं मग नारळ खवायला बसवलं. परत आले तेव्हा खडा गुळासारखा चिकट झाला होता. कापूस उचलला, तर पंख त्याच्याबरोबर आला. एक पायही. उरलेलं काय होतं ते मी अजून सांगू शकत नाही. मी मुंगी म्हणते, कारण पंखाची मुंगी असावी असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेव्हाची मी आजही वाद घालते: गुजरातच्या या अंबराची (अभ्यासक त्याला खंबातचं म्हणतात) राळ पुरती घट्ट झालेली नसते, द्रावकात विरघळवून अख्खे किडे बाहेर काढता येतात, हे 2010 साली छापून आलंय, मी ते वाचलं होतं! बरोबर. पण ते प्रयोगशाळेत, डोळ्यासमोर. तू नारळ खवत होतीस.

एक्स-रेनं खडा फुटत नाही, हे मी सगळ्यांना ठासून सांगते. जोराच्या किरणांनी तो काळवंडू शकतो, हे मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. आणि आतलं दिसलं म्हणजे कळलं, असंही नाही. 2020 साली म्यानमारच्या अंबरातली एक इवलीशी कवटी सिंक्रोट्रॉनवर पाहून तिला पक्ष्यासारख्या डायनासोरांतला सर्वांत लहान ठरवलं. काही महिन्यांत तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. ती सरड्याच्या जातीतली निघाली. खोट यंत्रात नव्हती, प्रतिमांतही नव्हती. मीही पडद्यावर सीमा आखते तेव्हा कुठली रेघ किड्याची आणि कुठली माझ्या हौसेची, हे दर वेळी छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. कित्येकदा तर आत किडा नसतोच, त्याच्या आकाराची पोकळी तेवढी असते.

तो चिकट गोळा माझ्याकडे एका डबीत आहे. स्कॅन का नाही करत, असं सर विचारतात. यंत्राला नंबर लागत नाही, असं मी सांगते. मागच्या वर्षी दोनदा लागला होता.