मॅचमध्ये स्क्विब झाला तो दिवस

स्क्विब म्हणजे बुलेट बॅरलमधून (पिस्तुलाच्या नळीतून) बाहेर न पडता आतच अडकणं. तो झाला त्या दिवशी सकाळपासूनच राऊंडवरून, म्हणजे काडतुसांवरून, कटकट चालू होती. आमच्या स्टील मॅचला, म्हणजे पिस्तुलाने स्टीलच्या प्लेटवर मारायच्या स्पर्धेला, नियमच आहे, शूटर टेबलावर आला की त्याचे राऊंड चुंबक लावून तपासायचे, आणि चुंबक केसला, म्हणजे मागच्या कवचाला नाही, पुढच्या टोकाला म्हणजे बुलेटलाच लावायचा, कारण स्वस्तातल्या बऱ्याच राऊंडची केस स्टीलची असते, ती चिकटली म्हणून राऊंड बाद होत नाही. बुलेट चिकटली की मात्र बाद. एकजण बॉक्स घेऊन आले, बुलेट एकदम तांब्यासारखी चकचकीत, चुंबक जवळ नेला तर टक्कन चिकटली. "अहो तांबं आहे ते, दिसतंय की!" मी टोक जरासं खरवडून दाखवलं, वरचा पातळ थर गेला आणि खाली करडं स्टील. याला बायमेटल जॅकेट म्हणतात, आत शिसं, त्यावर स्टीलचा पत्रा आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. ते म्हणाले दुसऱ्या रेंजवर चालतात हे. असतील चालत, पण इथे नाही, आणि यावर मी कुणाशीच तडजोड करत नाही.

कारण सरळ आहे. प्लेट चांगल्या कडक स्टीलची, म्हणजे साधारण ५०० ब्रिनेलची (ब्रिनेल हे कडकपणाचं माप), आणि गुळगुळीत असली तर शिशाची बुलेट तिच्यावर फुटते आणि तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागूनच बाजूला उडतात, शूटरकडे फारसं काही येत नाही. प्लेटला खड्डा पडला की तोच तुकडा खड्ड्यात वळून सरळ मागे येतो. स्टील असलेल्या कडक बुलेट असे खड्डे पाडतात, वर ठिणग्याही उडवतात, कोरडं गवत असेल तर आगीची भीती. म्हणजे एकाने वाईट राऊंड मारायचे आणि त्याची किंमत त्याच प्लेटवर नंतर मारणाऱ्याने किंवा मागे उभ्या असलेल्या टायमरवाल्याने भरायची. म्हणून चष्मा शूटरलाच नाही, रेंजवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला, बघायला आलेल्यांना पण. आणि पिस्तुलाने स्टीलवर मारताना निदान ७ यार्ड अंतर हवंच.

पण चुंबकाला सगळं कळत नाही. दुपारी एक चांगला शूटर लाईनवर होता, हँडलोड वापरणारा, म्हणजे घरी प्रेसवर स्वतः भरलेले राऊंड. चुंबकाची तपासणी व्यवस्थित पास. पाच प्लेट, शेवटची स्टॉप प्लेट, तिला मारलं की वेळ थांबते, असे पाच रन आणि त्यातला सगळ्यात वाईट वजा. पहिले दोन रन मस्त गेले. तिसऱ्यात बीप झाला, दोन प्लेट वाजल्या, आणि तिसऱ्या शॉटला नेहमीच्या दणक्याऐवजी नुसतं "फट्". प्लेट वाजली नाही, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे गेली नाही. इथेच खरा धोका असतो, कारण सराव झालेल्या माणसाचा हात विचार न करताच चालतो, मॅगझीनला खालून थाप, स्लाईड खेचली, नवा राऊंड आत, ट्रिगर. त्याची थाप मारून झाली होती, हात स्लाईडवर गेलेला. मी जोरात ओरडलो "स्टॉप!" आणि त्याने, शाबास त्याची, बोट ट्रिगरवरून काढलं आणि पिस्तूल समोरच धरून तसाच थांबला.

मॅगझीन काढली, चेंबर रिकामी केली, मग बॅरल बाहेर काढून मागून पुढे बघितलं तर उजेडच दिसेना. केसमध्ये पावडर पडलीच नव्हती, नुसत्या प्रायमरच्या (पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) जोरावर बुलेट बॅरलमध्ये थोडी पुढे सरकून अडकलेली. यामागून दुसरी सुटली असती तर बॅरल फुगली असती नाहीतर फुटली असती, आणि ती त्याच्या दोन्ही हातांत होती. पितळी रॉड घालून ठोकून बुलेट काढली.

आता नियम असा की स्क्विबचा संशय खोटा निघाला तर शूटरला तो रन परत मारायला मिळतो, खरा निघाला तर नाही. त्याचा रन गेला, मारायच्या राहिलेल्या प्लेटचे प्रत्येकी ३ सेकंद लागले, त्यावर तो काहीच बोलला नाही. वाद झाला तो उरलेल्या राऊंडवरून. तो म्हणाला वजनकाटा आहे माझ्याकडे, हलका राऊंड असेल तर काढून टाकतो. मी म्हटलं, अरे ९ एमएममध्ये पावडर असते जेमतेम ४-५ ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्साही नाही, तेवढा फरक तर दोन कंपन्यांच्या केसमध्येच सापडतो, तू काट्यावर काय शोधणार? तो थोडा वेळ गप्प बसला, मग सगळे हँडलोड बॅगेत भरून स्वतःच गाडीत ठेवून आला. स्क्वॉडमधल्या, म्हणजे त्याच्याच गटातल्या, एकाने फॅक्टरीचा एक बॉक्स दिला आणि त्यावर त्याने उरलेली मॅच पूर्ण केली.