आमची वाटचाल: ताटं मोजण्यापासून मिनिटं मोजण्यापर्यंत

कर्मचाऱ्यांचं दुपारचं जेवण, मधल्या वेळचं खाणं आणि वाढदिवस, निरोप, मोठं काम हातावेगळं झाल्याचा आनंद असे लहान समारंभ सांभाळणारी आमची छोटी संस्था आहे. सुरुवातीला आमच्या करारात एकच आकडा असायचा: ताटं किती. आज त्याच पानावर तीन आकडे असतात: माणसं किती, बसायला जागा किती आणि प्रत्येकाला जेवायला सलग मिनिटं किती मिळणार. तिसरा आकडा ग्राहकाकडून लिहून घेतल्याशिवाय आम्ही काम घेत नाही. जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे आणि तो स्वयंपाकघरापेक्षा ग्राहकाच्या व्यवस्थापकाला जास्त लागू होतो.

या नियमामागे एक जुना विचार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये कामाच्या समाधानाची दोन खाती केली. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक यांत उणीव असली तर माणूस नाराज होतो. पण ती उणीव भरली म्हणून उत्साह येतोच असं नाही. उत्साह येतो तो कामातून आणि केलेल्या कामाची कुणी नेमकी दखल घेतली तर. आमच्या अनुभवात रोजचं जेवण पहिल्या खात्यात बसतं आणि समारंभ दुसऱ्या. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळवता येत नाही. वर्षातून एक थाटाची मेजवानी दिली म्हणून रोज घाईघाईत उरकलेलं जेवण भरून निघत नाही, आणि रोज उत्तम जेवण मिळतं म्हणून कुणाच्या मेहनतीची दखल घेतली गेली असं होत नाही. वाईट बातमीच्या आठवड्यात, म्हणजे माणसं कमी केली किंवा पगारवाढ थांबवली तेव्हा, केक मागवणाऱ्या ग्राहकाला आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. तो केक बोळवण केल्यासारखा दिसतो. त्या आठवड्यात नेहमीचं जेवण नेहमीच्या वेळी, नीट मिळणं पुरेसं असतं.

रांगेचा हिशोब

मिनिटं कुठे जातात हे शोधताना सगळ्यात आधी रांग सापडते. एकाच बाजूने वाढून घ्यायचं टेबल असेल तर एकामागून एक माणूस पुढे सरकायला साधारण 15 सेकंद लागतात. 60 माणसांची रांग संपायला 15 मिनिटं. सुट्टी 30 मिनिटांची असेल तर शेवटच्या माणसाच्या हातात 15 मिनिटं उरतात. हात धुणं आणि ताट परत ठेवणं वजा केलं की जेमतेम 10. आणि हा शेवटचा माणूस बहुधा रोज तोच असतो. ज्याची कामाची जागा लांब आहे, ज्याला चालू यंत्र किंवा फोन सोडून उठता येत नाही, तो. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते.

उपाय स्वस्त आहेत. टेबल भिंतीपासून किमान एक मीटर पुढे ओढायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाढून घेता येतं आणि रांगेचा वेळ निम्म्यावर येतो. त्यासाठी प्रत्येक पदार्थाला दोन पळ्या लागतात. एकच ठेवली तर रांगा दोन दिसतात पण वेग एकाच रांगेचा राहतो. ताटं टेबलाच्या सुरुवातीला, चमचे आणि कागदी रुमाल शेवटी, कारण सुरुवातीलाच हातात चमचा आला की वाढून घ्यायला हात मोकळा राहत नाही. पाणी आणि पेयं त्या टेबलावर कधीच नाहीत, निदान तीन मीटर दूर. पेला भरेपर्यंत थांबलेला एक माणूस पूर्ण रांग अडवतो.

40 पेक्षा जास्त माणसं असतील तर आम्ही दोन तुकड्या करतो, मध्ये 20 मिनिटांचं अंतर ठेवून. दुसऱ्या तुकडीसाठी अन्न सुरुवातीलाच वेगळ्या भांड्यात झाकून काढतो. पहिल्या तुकडीनं ढवळून ठेवलेल्या भांड्यातलं तळाचं अन्न दुसरीला वाढलं तर चव तीच असली तरी मान राहत नाही. कोणती तुकडी आधी जेवणार हे दर महिन्याला बदलतं.

किती शिजवायचं, आणि काय उरलं

एका प्रौढ माणसाच्या दुपारच्या जेवणाला आमचं प्रमाण असं: भात किंवा दुसरं शिजलेलं धान्य 150 ते 180 ग्रॅम, कडधान्य किंवा प्रथिनांचा दुसरा पदार्थ 120 ते 150, शिजलेल्या भाज्या 120 ते 150, कच्च्या भाज्या 60 ते 80, फळ 100 ते 120. एक किलो कोरड्या तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सुचवते; वरच्या प्रमाणात त्यातला मोठा वाटा एकाच जेवणात येतो. फळ चिरून ठेवायचं, आणि रांगेच्या सुरुवातीला. अख्खं फळ माणसं खिशात घालतात किंवा तसंच परत ठेवतात.

मिठाची दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमच्या आत असावी असं हीच संघटना सांगते. त्यामुळे 60 माणसांच्या जेवणात आमचं मीठ 100 ग्रॅमच्या आत असतं, तयार सॉस आणि मसाल्यातलं मीठ धरून, आणि ते वजन करून घातलं जातं. मात्र आधीचं जेवण खारट असेल तर एकदम निम्म्यावर यायचं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी दहावा हिस्सा कमी करत गेलं की जिभेला सवय होते. घाई केली की टेबलावर मिठाची डबी येते आणि सगळा हिशोब संपतो.

रोज तीन बादल्यांचं वजन वहीत लिहितो: सालं-देठं, उरलेलं आणि उष्टं. तिन्ही एकत्र टाकली तर काहीच कळत नाही. सालं-देठं वाढली तर खरेदी किंवा चिरणारा हात बिघडला आहे. भांड्यात उरलेलं वाढलं तर माणसांची मोजणी चुकली. बहुतेक वेळा एखादा विभाग बैठकीसाठी बाहेर गेलेला असतो आणि कळवायचं राहून गेलेलं असतं. ताटातलं उष्टं वाढलं तर चव, वाढपाचं प्रमाण किंवा वेळ, यांतलं काहीतरी चुकलं. उष्टं फक्त दुसऱ्या तुकडीत जास्त दिसलं तर स्वयंपाक्याला बोलण्याआधी घड्याळ बघावं: माणसांना जेवण संपवायला वेळच मिळालेला नसतो.

समारंभात अन्न जास्त धोक्यात असतं

रोजच्या जेवणात अन्न भांड्यातून सरळ ताटात जातं. समारंभात ते भाषण संपण्याची वाट बघत उघडं बसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2001 मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं प्रसिद्ध केली; त्यातले चार आकडे आमच्या भिंतीवर लिहिलेले आहेत. शिजवताना आतपर्यंत 70 अंश सेल्सिअस, गरम ठेवायचं ते 60 च्या वर, थंड ठेवायचं ते 5 च्या खाली, आणि शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. तापमापीचं टोक पदार्थाच्या मध्यभागी घालायचं, कडेला नाही. बर्फाच्या पाण्यात तिनं शून्य दाखवलं पाहिजे. ही तपासणी आठवड्यातून एकदा. आणखी एक चूक सगळीकडे होते: खाली गरम पाणी असलेल्या भांड्यात कोमट अन्न ओतून ते गरम होईल असं समजणं. ते भांडं गरम अन्नाची ऊब टिकवतं, गार अन्न शिजवत नाही.

भाताची विशेष काळजी घ्यावी लागते. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्यावरही नष्ट होत नाही. म्हणून जास्तीचा भात पातेल्यात मुरू देत नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा उथळ थरात पसरून तो लगेच थंड करतो. पातेल्याच्या मध्यभागी ऊब किती तास टिकते हे एकदा तापमापी घालून बघण्यासारखं आहे.

क्रीमचा केक कापायच्या 15 मिनिटं आधीच शीतकपाटातून निघतो. प्रत्येक भांड्याला चिकटपट्टी: बाहेर काढल्याची वेळ आणि फेकायची वेळ. ही दुसरी वेळ आली की अन्न कितीही उरलेलं असो, जातं. उरलेले डबे घरी नेऊ द्या, अशी मागणी प्रेमानं होते. दोन तासांचं घड्याळ उलटून गेलं असेल तर आम्ही ती मान्य करत नाही.

ॲलर्जीबद्दल. युरोपीय संघाच्या नियमांत जाहीर करायच्या 14 घटकगटांची यादी आहे: ग्लुटेन हे प्रथिन असलेली गव्हासारखी धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेव्याच्या बिया, मासे, सोयाबीन, तीळ वगैरे. देश कोणताही असो, विचारपूस करायला ती यादी उपयोगी आहे. चूक सहसा स्वयंपाकात होत नाही. ती होते शेवटच्या क्षणी वरून भुरभुरलेल्या कुटात आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेलेल्या पळीत. म्हणून ॲलर्जी असलेल्या माणसाचं अन्न धुतलेल्या भांड्यांत सगळ्यात आधी बनतं, झाकून, नाव लिहून ठेवलं जातं, आणि त्याला रांग सुरू होण्याआधी दिलं जातं. सगळ्यांसमोर हाक मारून नाही.

आरोग्याच्या नावाखाली काय करत नाही

वजन कमी करण्याच्या स्पर्धा, पदार्थांवर उष्मांकाच्या पाट्या, ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ अन्न असे शिक्के: यांतलं काहीही आम्ही करत नाही. खाण्याशी आधीच झगडणाऱ्या माणसाला ही जाहीर परीक्षा वाटते, आणि अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात, दिसत नाहीत इतकंच. घटक काय आहेत ते लिहायचं. किती आणि काय खायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. उपास असणाऱ्यालाही सुट्टी तेवढीच मिळाली पाहिजे. न जेवणारा माणूस रिकामा दिसला की त्याच्याकडे काम सरकवलं जातं.

दुपारची सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळात दुपारी एक उतार असतोच, जड जेवण तो खोल करतं. त्या वेळी साखरेऐवजी 10 मिनिटं चालणं आणि पाणी जास्त उपयोगी.

समारंभ: कुणाचा, कधी, किती वेळ

समारंभाचा अर्ज एका पानाचा आहे. पहिला प्रश्न: तुमचा वाढदिवस साजरा झालेला आवडेल का? हो, नाही, फक्त शुभेच्छा. तारीख घेतो, साल घेत नाही. ‘नाही’ला कारण विचारायचं नाही. माणसं 25 पेक्षा जास्त असतील तर महिन्याचे वाढदिवस एकत्र करणं बरं. वेगवेगळे केले की एखाद्याचा हमखास सुटतो, आणि सुटलेला वाढदिवस लक्षात राहतो.

काम पूर्ण झाल्याचा समारंभ मात्र एकत्र करू नये. तिथे नेमकं वाक्य लागतं. ‘सगळ्यांनी खूप मेहनत घेतली’ हे तोंडदेखलं आहे. कोणी काय केलं आणि त्यानं काय अडलेलं सुटलं, हे दोन वाक्यांत सांगणारा माणूस तो असावा ज्यानं ते काम जवळून पाहिलं. पद कितीही लहान असो. बोलण्याला तीन मिनिटं, खाण्याला वीस. पडद्यामागे काम करणारे, म्हणजे साफसफाई, सुरक्षा, कंत्राटी माणसं, माणसांच्या आकड्यात पहिल्या दिवसापासून धरलेली असतात. त्यांना शेवटी उरलेलं देण्यापेक्षा समारंभ न करणं बरं.

वेळ कामाच्या तासांतली, आणि दिवसाच्या शेवटी नाही. शेवटच्या तासात ज्यांना गाडी गाठायची आहे, मुलांना आणायचं आहे, ते अर्धवट उठतात किंवा नाइलाजानं थांबतात. दारू नाही. केक माणशी 80 ते 100 ग्रॅम, म्हणजे 30 जणांना सुमारे अडीच ते तीन किलो. पाणी माणशी अर्धा लिटर. सोबत एक पदार्थ गोड नसलेला आणि एक साखर न घातलेलं पेय, आणि ही दोन्ही टेबलाच्या कोपऱ्यात नाही, मध्यभागी.

रात्रीची पाळी आम्हाला उशिरा नीट जमू लागली. तिथे दिवसाचं जेवण तसंच गरम करून पाठवणं चुकीचं आहे. मुख्य जेवण पाळी सुरू होण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतर फक्त हलकं आणि कमी: सूप, दही, फळ, थोडं धान्य. कॉफीचं भांडं पाळी संपायच्या सहा तास आधी उचललं जातं. 400 मिलिग्रॅम कॅफीन झोपेच्या सहा तास आधी घेतलं तरी झोप एका तासाहून जास्त घटते, असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, आणि सकाळी घरी जाऊन झोपणाऱ्याची झोप आधीच तुटक असते. दिवसाच्या पाळीत समारंभ झाला तर रात्रीच्या पाळीसाठी वेगळा केक येतो, अख्खा, न कापलेला, आणि ती दोन वाक्यं बोलणारा माणूसही त्या वेळी हजर राहतो.