तुम्ही विचारलंत म्हणून: कार्टरांच्या घराण्यात माझं काय काम?

गणपतीची आरती संपते, प्रसादाचे द्रोण हातात येतात आणि कुणीतरी हळूच जवळ सरकून विचारतं, "तुम्ही म्हणे इथल्या जुन्या जमीनदारांच्या वंशावळी काढता? गोऱ्यांच्या? गुलाम ठेवणाऱ्यांच्या? अहो, तुमचा काय संबंध?" मी रिचमंडला, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या राजधानीत, राहायला येऊन २१ वर्षं झाली. त्यातली गेली ९ वर्षं हा प्रश्न दर गणपतीला येतो. पुण्याची आत्या फोनवर तेच तिच्या पद्धतीने विचारते: "आपला कुलवृत्तांत अर्धवट पडलाय, तो कर की आधी. कोण मेला हा कार्टर?"

गर्दीत मी "छंद आहे हो" म्हणून सुटते. ते खोटं नाही, पण ते उत्तरही नाही. म्हणून एकदाच नीट लिहिते.

सुरुवात कार्टरांपासून झालीच नाही. ती झाली आमच्या शेजारच्या आजींपासून. त्या कृष्णवर्णीय, वय तेव्हा ७८, चर्चमध्ये गाणाऱ्या, आणि आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर माझ्याइतकाच जीव असलेल्या. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य चालत आलं होतं: "आपण नोमिनीचे." बस, एवढंच. कोण, कधी, कसे, काही माहीत नाही. मी जुनी अक्षरं वाचते असं त्यांना माझ्या नवऱ्याने सांगितलं होतं. पुण्यात असताना मी मोडी शिकले होते, त्या जोरावर. मोडी वाचणाऱ्याला अठराव्या शतकातला इंग्रज कारकून काय जड, असं मलाही वाटलं. पहिल्या तासात माझा तोरा उतरला. त्या कारकुनाचा लांबडा 'एस' 'एफ'सारखा दिसतो, 'जॉन'चं तो 'जे-एन-ओ' करून टाकतो, आणि 'वरीलप्रमाणे' म्हणायला नुसतं 'डीओ' लिहून खाली सरकतो.

तर आजींचं घराणं. १८७० पर्यंत सरळ मागे गेलं, कारण त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामीतून सुटलेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्याच्या मागे भिंत. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी मोजणी झाली होती, पण तिच्यात नाव मालकाचं. त्याखाली वय, स्त्री की पुरुष, रंग. ३५, स्त्री, काळी. १२, पुरुष, काळा. माणसाचं नाव लिहायला रकानाच नाही.

या भिंतीतून आरपार जायचा रस्ता मालकाच्या घरातून जातो, दुसरा नाही. व्हर्जिनियात १७०५ च्या कायद्याने गुलाम माणसं वारसाहक्कापुरती स्थावर मालमत्ता ठरवली गेली. जमिनीसारखी. त्यामुळे मृत्युपत्र, वाटणी, मुलीला लग्नात दिलेलं, कर्जापोटी गहाण टाकलेलं, या सगळ्या कागदांत जमीन हलली की माणसंही हलतात, आणि तिथे त्यांची नावं असतात. धाकट्या मुलीला 'अमुक नावाची पोर' दिली, ती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या परगण्यात गेली, की ती पोरही आईबापांना सोडून गेली. मालकाच्या मुलीचं सासर मला माहीत नसेल तर ती पोर मला कधीच सापडणार नाही. मी गोऱ्यांची सोयरीक एवढी चिवटपणे का पाठ करते, त्याचं कारण हे.

आणि नोमिनी म्हणजे कार्टरांचा मळा. या घराण्याचा मूळ पुरुष जॉन कार्टर सतराव्या शतकात इंग्लंडहून आला आणि रॅपहॅनॉक नदीकाठी कोरोटोमनला जमीन धरून बसला. लँकेस्टर परगण्यातल्या ख्राइस्ट चर्चमध्ये त्याची शिळा आहे. मी आणि आजी मुद्दाम बघायला गेलो होतो. शिळेवर त्याचं नाव, १६६९ साल, आणि खाली त्याच्या बायका ओळीने, कुणाची कोण ते सांगून. एकामागून एक केलेल्या या बायका, सगळ्या त्याच्या आधी वारल्या, असा मजकूर. पाचवी त्याच्यामागे जिवंत राहिली म्हणून ती शिळेवर नाही. आजींनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बाईला दगडावर जागा हवी असेल तर आधी मरावं लागतं, असं दिसतंय."

त्याचा मुलगा रॉबर्ट. जन्म १६६३, मृत्यू १७३२. लोक त्याला 'किंग' कार्टर म्हणत, आणि ते कौतुकाने होतं असं समजायचं कारण नाही. लॉर्ड फेअरफॅक्स या इंग्रज सरदाराच्या प्रचंड जहागिरीचा हा कारभारी. जमिनी वाटायचा अधिकार हातात असलेल्या माणसाने त्या कुणाला वाटल्या असतील हे मराठी वाचकाला सांगायला नको. मेला तेव्हा सुमारे ३ लाख एकर जमीन आणि सुमारे १००० गुलाम. मुली मोठमोठ्या घरांत दिल्या. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत याचे दोन नातू, बेंजामिन हॅरिसन आणि कार्टर ब्रॅक्स्टन.

या दुसऱ्या नावाकडे बघा. कार्टर हे आईचं माहेरचं आडनाव, ते मुलाचं पहिलं नाव झालं. व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांची ही रीत म्हणजे वंशावळ काढणाऱ्याला लागलेली लॉटरी. किंगचा एक मुलगा लँडन कार्टर, कारण त्याची आई लँडन घराण्यातली. यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतीची, रॉबर्ट ली यांची, आई ॲन हिल कार्टर. त्यातलं 'हिल' म्हणजे शर्ली मळ्याचे कार्टरांच्या आधीचे मालक. आपल्याकडे सुनेचं नावसुद्धा बदलून टाकायचे, तिथे ही माहेरं अशी नातवाच्या कपाळावर लिहिलेली. अर्थात यात प्रेमापेक्षा जमिनीचा हिशेब जास्त होता.

हे वाचून कुणाला काम सोपं वाटेल, म्हणून माझी फजिती सांगते. १७३२ साली मेलेल्या रॉबर्ट कार्टरचे कागद मी तीन महिने वाचत होते आणि काही केल्या ताळा जमेना. त्या वर्षी दोन रॉबर्ट कार्टर मेले. किंग ऑगस्टमध्ये, आणि त्याच्याच नावाचा मुलगा बापाच्या काही महिने आधी. मी दोघांचे मळे एकत्र करून बसले होते. जुन्या कागदातल्या 'ज्युनिअर'वरही माझा विश्वास होता. तेव्हा ज्युनिअर म्हणजे मुलगा असेलच असं नाही. त्या पंचक्रोशीत त्या नावाचा वयाने लहान असलेला कुणीही, पुतण्या किंवा अगदी परका. तारखांचं आणखीनच त्रांगडं. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१, आताच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२. हे ध्यानात न घेता फेब्रुवारीतलं मरण आणि एप्रिलमधलं मृत्युपत्र लावायला गेलं की माणूस मेल्यावर सही करतो.

आता ज्यासाठी हे सगळं, तिकडे येते. किंग कार्टरचं १७२७ सालचं एक पत्र आहे, मळ्यावरच्या कारभाऱ्याला लिहिलेलं. आफ्रिकेतून नुकतीच आणलेली माणसं तो पाठवतोय. त्यांना मी इथेच नावं दिली आहेत, म्हणतो. ती त्यांच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतली आहेत की प्रत्येकजण आपल्या नावाला ओ देईल. आणि नावावरून कोण केवढं ते आपल्याला कळत राहील. पत्राचा सूर कसा? लोहाराला नांगराचे फाळ मोजून पाठवतो तसा. मी ते पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही. अटलांटिक ओलांडून आलेलं माणसाचं पहिलं नाव, त्याच्या आईने ठेवलेलं, कुठे लिहून ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही.

गंमत अशी, की हाच व्यवहारी माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी झाली ती मळ्यामळ्याने आहे, आणि तिच्यात गुलामांची नावं बऱ्याच ठिकाणी कुटुंबाने लिहिली आहेत. नवरा, बायको, मुलं. कुणी प्रेमाने नाही, मोजणी चुकू नये म्हणून. पण मला वंशावळ मिळते ती तिथेच. एकाच वहीत दोन वंशावळी असतात. मालकांची बापाकडून चालते. गुलामांची आईकडून, कारण १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला जातं: आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कुणीही असो. 'बाप कुणीही' या दोन शब्दांत काय काय दडलंय ते कागद सांगत नाही. अध्यक्ष जेफरसन आणि त्यांची गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्याबद्दल, म्हणजे तिची मुलं त्यांचीच असं, दोनशे वर्षं जे कुजबुजलं जात होतं, त्याला बळ मिळायला १९९८ साल आणि डीएनए चाचणी लागली.

मधेच एक सांगते. पैसे मिळतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. नाही. एकदा एक गृहस्थ आले होते. त्यांना आपण किंग कार्टरचे वंशज असल्याचं हवं होतं. आहोत का हे नको होतं, असल्याचं हवं होतं. आपल्याकडे कसे प्रत्येकाचे खापरपणजोबा पानिपतावर लढलेले असतात, तसं. या दुखण्यावर इथे एकाने पोट भरलं होतं: गुस्ताव्ह आंजू नावाचा माणूस, शंभरेक वर्षांपूर्वी श्रीमंतांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून द्यायचा. त्याच्या थापा अजूनही छापील पुस्तकांतून उतरवल्या जातात. मी त्या गृहस्थांना चहा दिला.

नोमिनीकडे परत. किंगचा नातू, पुन्हा रॉबर्टच, नोमिनी हॉलचा. जन्म १७२८. बाप आणि आजोबा त्याच्या चौथ्या वर्षीच गेले. हा माणूस मला अजून नीट उमगलेला नाही. गाण्याबजावण्याचा शौकीन, चर्च बदलत राहणारा, सतरा मुलांचा बाप. आपल्या मळ्यांना त्याने राशींची नावं दिली होती. सिंह, कन्या, तूळ, कुंभ. आत्याला हे सांगितलं तेव्हा कार्टर पहिल्यांदा तिला जरा बरा वाटला.

१७८२ मध्ये व्हर्जिनियात मालकाला आपले गुलाम मुक्त करायची कायद्याने मुभा मिळाली. १७९१ मध्ये या रॉबर्टने कोर्टात एक दानपत्र दाखल केलं. त्याच्या सगळ्या मळ्यांवरची मिळून ४५२ माणसं, नावानिशी, वयानिशी. १७९२ पासून दरवर्षी १५ जण मोकळे, मोठ्या वयाचे आधी. मुलांत मुलगे २१ व्या वर्षी, मुली १८ व्या. पुढे हा आकडा ५०० च्या वर गेला. यादवी युद्धापर्यंत एवढी माणसं कुणा एका मालकाने सोडलेली नाहीत. शेजारपाजारचे आणि घरचेही चिडले, आणि तो बाल्टिमोरला निघून गेला. १८०४ मध्ये तिथेच वारला. किंग कार्टरएवढं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्याच्याबद्दल गहिवरून बोलणारेही भेटतात, पण मला तसं जमत नाही; ६३ व्या वर्षापर्यंत तोही यांच्याच कष्टावर जगला. फक्त एवढं आहे, की मी पाहिलेल्या कागदांत ही एक यादी अशी आहे, जिच्यात माणसांची नावं त्यांना विकायला किंवा वाटायला लिहिलेली नाहीत.

आजींच्या घरात एका बाईचं नाव चालत आलंय, चार पिढ्यांत तीनदा ठेवलेलं. ते नाव यादीत तीन ठिकाणी आहे: तीन मळे, तीन वयं. आजींची ती यातली कोणती? मुक्त माणसांना सरकारी दप्तरात नोंद करावी लागे. त्या नोंदीत उंची, रंग, कुणी आणि कोणत्या कोर्टात सोडलं, कधी कपाळावरचा व्रण, कधी भाजलेला हात. १८०६ नंतर मुक्त होणाऱ्याने बारा महिन्यांत राज्य सोडायचं असाही कायदा झाला, त्यामुळे कागदाचा माग राज्याबाहेर जाऊ शकतो. तिघींपैकी एकीचा माग मला १८१० च्या सुमारापर्यंत लागलाय. दुसरी मध्येच गायब. तिसरी सिंह मळ्यावरची, यादीत वय चार, त्यापुढे काही नाही. सध्या त्या मळ्याच्या देखरेख्याचे हिशेब मायक्रोफिल्मवर वाचतेय. एका दिवसात सहा पानं होतात.

आजी आता ८७ च्या आहेत. दर रविवारी चर्चहून येताना कुंपणाशी थांबून विचारतात, "तिघींपैकी कोण?" मी म्हणते, अजून कळलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं: सिंह मळ्यावरची, चार वर्षांची. का, विचारलं, तर म्हणाल्या, "माझा जन्म ऑगस्टचा. मीही सिंहच." मी म्हटलं, आजी, असं चालत नाही, पुरावा लागतो. त्या म्हणाल्या, तू शोध की. तोवर त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात त्यांनी ते नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय.