लेन ओलांडून डंकर्कला

डंकर्क, रात्रीचे साडेदहा

बाहेर अजून पुरता अंधार पडलेला नाहीये, जूनमध्ये इथे असंच असतं. केबिनमध्ये पाय पसरून बसलेय आणि डोक्यात अजून कालचीच जहाजं फिरताहेत, म्हणून आधी ते लिहून काढते.

काल सकाळी सातला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या रॅम्सगेटहून शिडाच्या बोटीने फ्रान्समधल्या डंकर्कला निघालो. मी, नवरा आणि बोटीचा मालक, जो नवऱ्याच्या ऑफिसातला आहे पण बोटीवर आम्ही त्याला स्किपरच म्हणतो. साधारण 40 सागरी मैल, आणि शिडावर पाच-साडेपाच नॉट्स, म्हणजे तासाला तेवढेच सागरी मैल, तर दिवस त्यातच जाणार. निघायची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपल्या सोयीचा तिथे प्रश्नच नाही. गुडविन सँड्स हा समुद्रातला वाळूचा उथळ पट्टा उजव्या हाताला ठेवून बाहेर पडलो, त्या वाळूने आजवर शेकडो जहाजं गिळलीत, आणि काल सकाळच्या उन्हात नुसता पाण्याचा रंग जरासा वेगळा दिसत होता, बाकी काही नाही.

डोव्हरची सामुद्रधुनी अगदी अरुंद जागी 33 किलोमीटर आहे आणि तिच्यातून रोज 400 च्या वर जहाजं जातात, वर इंग्लंड-फ्रान्सच्या फेरीबोटी आडव्या ये-जा करतात त्या वेगळ्याच. म्हणून 1967 मध्ये इथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या जहाजांना वेगवेगळ्या लेन आखून दिल्या, जगात असं पहिल्यांदा झालं ते इथेच, आणि 1977 पासून त्या पाळणं सक्तीचं आहे. इंग्लंडच्या बाजूने नैऋत्येला जाणारी, फ्रान्सच्या बाजूने ईशान्येला जाणारी, मध्ये मोकळा पट्टा. समुद्रात सगळे उजवीकडून चालतात, त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्याच्या बरोब्बर उलटं, आधी डावीकडे बघायचं आणि मधला पट्टा ओलांडला की उजवीकडे.

आमच्यासारख्या छोट्या बोटीने ही लेन काटकोनात ओलांडायची. आणि काटकोन बोटीच्या नाकाचा, मार्गाचा नाही, हे मला फार आवडलं. प्रवाह बोटीला बाजूला ढकलत असतो, तर ढकलू द्यायचं, नाक वळवून भरपाई करत बसायचं नाही. कारण नाक सरळ असलं की लेनमध्ये कमीत कमी वेळ राहतो आणि जहाजावरच्या माणसाला आपली बोट पूर्ण आडवी दिसते, तिचा विचार काय आहे ते लांबूनच कळतं. लेनमधून जाणाऱ्या जहाजाची वाट अडवायची नाही हाही नियमच आहे. शिडाच्या बोटीला एरवी आधी जाण्याचा मान असतो तो इथे चालत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, 400 मीटर लांबीचं कंटेनर जहाज आमच्यासाठी ब्रेक थोडीच मारणार?

माझं काम हातातल्या कंपासवर बेअरिंग घ्यायचं, म्हणजे जहाज कोणत्या दिशेला दिसतं ते अंशांत वाचायचं. एआयएस, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपली ओळख कळवतात ती यंत्रणा, तिच्या स्क्रीनवर जहाजाचं नाव, वेग सगळं येतं, तरी स्किपर म्हणतो डोळ्यांनी बघा. डावीकडून एक कंटेनर जहाज येत होतं, आधी क्षितिजावर नुसता एक चौकोनी ठिपका. कंपास डोळ्याला लावला, 052. दोन मिनिटांनी परत, 052.

"अगं, हलतंय का ते?" नवऱ्याने विचारलं.

"नाही रे, तिथेच आहे!"

आकडा बदलत नाही आणि जहाज मोठं होत जातं, याचा अर्थ आपण दोघं एकाच जागी पोचणार. 18 नॉट्सने येणारं जहाज दहा मिनिटांत तीन मैल कापतं. स्किपरने काही न बोलता शीड सैल सोडलं, बोटीचा वेग निम्म्यावर आला, आणि मी परत बघितलं तर 055, मग 060, 068... म्हणजे ते पुढून जाणार. ते समोरून गेलं तेव्हा आधी इंजिनाची घरघर कॉकपिटच्या फळीतून पायांना जाणवली, कानांना नंतर. कंटेनरच्या रांगा इतक्या उंच की मान वर करावी लागली आणि डेकवर एक माणूस दिसेल तर शपथ. ते गेल्यावर बऱ्याच वेळाने त्याच्या लाटा आमच्यापर्यंत आल्या आणि चहाचा थर्मास लवंडला. आलेपाकाची वडी तोंडात होती म्हणून माझं पोट जागेवर राहिलं.

फ्रान्सचा किनारा म्हणजे काही सुंदर दृश्य नाही. आधी पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या, मग टाक्या, मग क्रेन. पण मला कामाची बंदरं आवडतात. बाहेरच्या देशातून आलोय, तपासणी बाकी आहे असं सांगणारा पिवळा झेंडा वर चढवला, मरीनात दोर बांधले, पासपोर्टचं काम उरकलं आणि मोठा टोप भरून शिनाणे खाल्ले, बटाट्याच्या फ्राईजबरोबर.

आज दिवसभर गाव. इथली बस 2018 पासून सगळ्यांना फुकट आहे, नुसतं चढायचं आणि बसायचं, फार बरं वाटलं. भर चौकात ज्याँ बारचा पुतळा आहे, याच गावात 1650 मध्ये जन्मलेला दर्यावर्दी, हातात तलवार घेऊन उभा. मग 1940 चं म्युझियम. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोंडीत पकडलेले ब्रिटिश आणि इतर दोस्त फौजांचे सैनिक, सव्वीस मे ते चार जून, 3,38,226 जण इथून समुद्रमार्गे बाहेर काढले. माझ्या डोक्यात नेहमी वाळूवर रांगा लावलेली माणसं असायची, पण वाळूवरून गेले ते सुमारे 98 हजार, बाकीचे सगळे बंदरातून, त्यातले बहुतेक पूर्वेकडच्या लांबलचक धक्क्यावरून, जो मुळात जहाजं लावायला बांधलेलाच नव्हता. आणि आम्ही काल जो रस्ता धरून आलो साधारण त्याच पाण्यातून रॅम्सगेटहून छोट्या बोटी आल्या होत्या, ना एआयएस ना लेन, वरून विमानं. टायटॅनिकवरून वाचलेला अधिकारी लायटोलर स्वतःची बोट घेऊन आला आणि तिच्यात सुमारे 130 जणांना कोंबून परत गेला. आमच्या बोटीत तिघं असलो तरी एकमेकांचे पाय तुडवतो.

संध्याकाळी ओहोटीला बसने झुइडकोटला, शेजारच्या किनाऱ्यावरच्या गावाला गेलो. क्रेस्टेड ईगल नावाची बोट 29 मेला सैनिक भरून निघाली आणि बॉम्ब पडून पेटली, तिचा सांगाडा मोठ्या ओहोटीला वाळूत उघडा पडतो. जवळ जाऊन बघितलं. गंजलेलं लोखंड, त्याच्यावर शिनाण्यांचा काळा थर, फटींमध्ये पाणी साचलेलं आणि त्यात खेकड्याची पिल्लं. हात लावावासा वाटला नाही मला. जवळजवळ 300 माणसं गेली तिच्यात.

आणि एक गोष्ट सकाळपासून मनातून जात नाहीये. त्या गर्दीत आपली माणसंही होती. ब्रिटिश फौजेकडे गाड्या होत्या पण खेचरं उरली नव्हती, म्हणून डिसेंबर 1939 मध्ये खेचरांच्या तुकड्या मुंबईहून जहाजाने दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेला पाठवल्या, माणसं बहुतेक पंजाब आणि सरहद्द प्रांतातली. डंकर्कला खेचरं सोडून द्यावी लागली, माणसं निघाली, फ्रान्समध्ये दुसरीकडे असलेली एक तुकडी मात्र जर्मनांच्या हाती सापडली. मुंबईत वाढले, त्या बंदरावरून कितीदा गेले, शाळेत कुणी हे सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

परत निघायचंय परवा पहाटे, प्रवाह तेव्हा मिळतो. म्हणजे उद्याचा दिवस हातात आहे. नवरा आणि स्किपर शिडाची एक शिवण नीट करणारेत, मी म्युझियममध्ये परत जाऊन तिथल्या बाईंना विचारणार आहे, खेचरवाल्यांचा एखादा फोटो आहे का म्हणून. माझं फ्रेंच यथातथाच, पण खेचराचं चित्र काढून दाखवता येईल.