दुधाचा खाडा

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार, देणाऱ्या केंद्रातील समुपदेशकाच्या हाताला सर्वांत जास्त सवय होते ती गोळ्या मोजण्याची. रुग्णाने डबी आणायची, उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतायच्या, आणि हिशेबाने किती उरायला हव्या होत्या व प्रत्यक्षात किती उरल्या हे मी नोंदवहीत लिहायचे. २०२४ च्या एप्रिलमधील एका सोमवारी गोव्यातील सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका तरुणाच्या डबीतून अकरा गोळ्या निघाल्या. खरे तर एकही उरायला नको होती. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

तो बावीस वर्षांचा होता आणि संसर्ग त्याला जन्मतःच आईकडून झालेला होता. १ एप्रिल २००४ रोजी देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. वडील त्याआधीच वारले होते, आई पुढे दोन-तीन वर्षांनी गेली, आणि आजीने त्याला लहानाचे मोठे केले. महिन्याभरापूर्वीच्या तपासणीत त्याचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, दर मिलिलिटरला १००० प्रतींच्या वर गेलेला होता. अशा वेळी तीन महिने गोळ्यांच्या नियमितपणावर नेटाने समुपदेशन करून तपासणी पुन्हा करायची असते, आणि त्याच कामासाठी मी त्याला बोलावले होते.

गोळ्या का राहिल्या असे विचारल्यावर त्याने "विसरलो" एवढेच सांगितले. मग मोबाइल काढून आजीच्या स्वयंपाकघरातील कालनिर्णयाचा फोटो दाखवला. गोळी घेतली की त्या तारखेच्या चौकोनात तो निळ्या पेनाने एक ठिपका देत असे. शेजारच्या काकूंनी एकदा ठिपक्यांबद्दल विचारले तेव्हा आजीने दुधाचा हिशेब म्हणून सांगून वेळ मारून नेली होती. मी फोटो मोठा करून पाहिला. ठिपक्याविना राहिलेले आठ चौकोन शनिवार-रविवारचे होते आणि उरलेले तीन शिगम्याचे.

"विसरायला तुला शनिवारच कसा सापडतो रे?" मी विचारले.

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "विसरत नाही मॅडम. ज्या दिवशी बसतो त्या दिवशी गोळी घेत नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"गोळी आणि दारू एकत्र नको म्हणून."

मी तसे सांगितले होते, आणि ते त्याला एकट्यालाच सांगितले होते असेही नाही. दारू सोडावी या हेतूने उच्चारलेले ते वाक्य त्याने अक्षरशः पाळले होते. फक्त दोहोंपैकी गोळी सोडली होती. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिन्ही औषधांची ही एकत्रित गोळी दारूशी मिसळून विषारी होत नाही. दारूने यकृतावर ताण येतो, भान सुटते, वेळा चुकतात, हे सगळे खरेच आहे. परंतु प्यायलेल्या रात्री गोळी टाळल्याने त्यातले काहीच टळत नाही, उलट विषाणूला मोकळे रान मिळते. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून हेच पुन्हा समजावले. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि मनातल्या मनात गेल्या काही वर्षांतले चेहरे आठवत होते.

पण तो पितो का, हा प्रश्न उरलाच होता. मी त्याला कागद दिला आणि बसथांब्यापासून घरापर्यंतची वाट काढायला सांगितली. एवढ्या वाटेवर त्याने तीन बार काढले. तिसऱ्यापुढे बाकडे दाखवले, जिथे मैदानावरून परतलेली मुले बसतात आणि मार्च ते मे उर्राक (काजूच्या बोंडांची हलकी दारू), लिंबू, मीठ व उभी चिरलेली मिरची एवढ्यावर संध्याकाळ सरते. गोव्यात दारू पिण्यासाठी एकवीस पूर्ण लागतात. याला सतराव्या वर्षीपासून कोणी अडवले नव्हते.

"एखाद दिवशी नको म्हणालास तर?"

"लगेच विचारतात, औषध चालू आहे काय रे?"

आपल्याकडे ग्लास नाकारायला हेच एक कारण सर्वमान्य आहे, आणि नेमके तेच त्याच्या बाबतीत खरे होते. त्याचे वडील कशाने गेले याची कुजबुज वाड्यावर आहेच, त्यामुळे हातातला ग्लास म्हणजे तब्येत धडधाकट असल्याचा त्याचा दाखला होता. संसर्गाची गुप्तता राखणारा कायदा २०१८ च्या सप्टेंबरात लागू झाला खरा, पण त्या बाकड्यावर त्याचा काय उपयोग? 'मित्र बदल' हा आमचा ठरलेला सल्ला त्या दिवशी माझ्या तोंडून निघाला नाही. त्याऐवजी गोळीची वेळ रात्री दहावरून सकाळी सातवर आणली, आणि मैदानावरून परत येताना बाकडे न लागणारी वाट आहे का ते पाहिले. होती, नदीच्या अंगाने, थोडी लांबची.

पुढच्या महिन्यात डबी रिकामी आली. फोटोत प्रत्येक चौकोनात ठिपका होता, आणि पाच ठिकाणी ठिपक्याभोवती बारीक गोल काढलेला होता. ते गोल कशाचे हे मला विचारावे लागले नाही.

"आजीने विचारलं नाही?"

"विचारलं. म्हटलं, त्या दिवशी दूध पातळ होतं."

नोंदवहीत मद्यपानासाठी 'हो' आणि 'नाही' एवढेच रकाने आहेत. मी 'हो'वर खूण केली आणि शेजारच्या रकान्यात उरलेल्या गोळ्या शून्य लिहिल्या.